युरोपातल्या टेबलावर खोडदची खुर्ची

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)

आज डाळजवरून बोलतोय. सुट्टीला घरी आलोय. पुणे-सोलापूर हायवे जवळच आहे, त्यामुळे मधेच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर ते आजच्या भागाचं पार्श्वसंगीत समजा.

सुरुवात एका गोष्टीनं करतो. तारीख १९ ऑक्टोबर २०१६. जर्मनीत डार्मस्टाट नावाचं शहर आहे, तिथं युरोपियन स्पेस एजन्सीचं नियंत्रण केंद्र आहे. त्या दिवशी त्यांचं स्कियापारेल्ली नावाचं यान मंगळावर उतरणार होतं. सगळे स्क्रीनकडे डोळे लावून बसलेले. आणि यानाचा तो बारीकसा रेडिओ सिग्नल पृथ्वीवर थेट कुठं ऐकला जात होता? तर आपल्या पुणे जिल्ह्यात. जुन्नर तालुका, नारायणगावजवळ, खोडद. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीला नासाच्या जेपीएलची यंत्रणा जोडली होती आणि तिच्यावर तो सिग्नल पकडला जात होता.

यान खाली यायला लागलं, सिग्नल येत होता. आणि उतरण्याच्या अगदी थोडं आधी तो गेला. नंतर कळलं की यान आपटलं. यानाच्या कॉम्प्युटरला मधेच वाटलं की आपण जमिनीच्याही खाली गेलोय, आणि त्यानं पॅराशूट आधीच सोडून दिलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अंगावर काटा येतो असला बग ऐकून. पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय असा. त्या दिवशी काही मिनिटं युरोप खोडदकडे कान लावून बसला होता. पण दुसऱ्या दिवशी युरोपात कुठं मोठी बैठक भरली असती, पुढची दुर्बीण कशी बांधायची, पैसा कुठं घालायचा, काम कुणाला द्यायचं, तर त्या टेबलावर खोडदला खुर्ची होती का? काम आपलं ऐकतात, पण मत आपलं मोजतात का? एखाद्या देशाची शिक्षण आणि संशोधनाची संस्था युरोपच्या पातळीवर स्वतःचं प्रतिनिधित्व कसं उभं करते, ते आज बघू. नाव रुक्ष वाटेल, पण थांबा जरा. शेवटी हे तुमच्या-माझ्या नोकरीपर्यंत येतं.

आधी आपल्या सोसायटीकडे बघू

हे समजायला ब्रुसेल्सला जायची गरज नाही. गावची विकास सोसायटी घ्या. जिल्हा बँकेची निवडणूक लागली की सोसायटीचे सगळे सभासद उठून मतदानाला जातात का? नाही. सोसायटी ठराव करते, एका माणसाचं नाव देते आणि तो सोसायटीच्या वतीनं मत देतो. तो एक ठराव आपल्या नावावर व्हावा म्हणून गावात काय काय चालतं, ते मी सांगायला नको.

आता कारखाना घ्या. छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, सोमेश्वर, माळेगाव, जो तुमचा असेल तो. शेअर घेतला की तुम्ही सभासद. पण नुसता शेअर घेऊन घरी बसलात, ऊस घातला नाही, वार्षिक सभेचं तोंड बघितलं नाही, तर तुम्ही अक्रियाशील सभासद होता आणि मताचा हक्क अडचणीत येतो. आणि सहकारात अजून एक प्रकार असतो, नाममात्र सभासद. व्यवहार करता येतो, पण मत नसतं.

म्हणजे चार गोष्टी झाल्या. ठराव, शेअर, ऊस आणि हजेरी. तुमच्या वतीनं कोण बोलणार ते ठरलेलं पाहिजे. पैसे भरलेले पाहिजेत. तुमच्या शेतातून काहीतरी आलं पाहिजे. आणि कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बसलं पाहिजे. युरोपातल्या विज्ञानाच्या राजकारणाचा सगळा पसारा या चार शब्दांत बसतो. चारातलं एक जरी कमी पडलं तरी काय होतं, तेही आपल्याच उदाहरणात दिसतं.

हजेरी : ब्रुसेल्समधली ऑफिसं

शेवटच्या शब्दापासून सुरू करू, कारण त्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

युरोपियन युनियनचा संशोधनाचा कार्यक्रम आहे, होरायझन युरोप. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्याचं बजेट सुरुवातीला साडेपंच्याण्णव अब्ज युरो ठरलं होतं. हा पैसा कुठल्या विषयांवर जाणार याचे मसुदे ब्रुसेल्समध्ये तयार होतात. आता मसुदा पक्का होऊन छापून आल्यावर तुम्ही वाचला तर काय उपयोग? ऊसदर जाहीर झाल्यावर आंदोलनाला निघाल्यासारखं ते.

म्हणून देशांच्या संशोधन संस्थांनी तिथं स्वतःची ऑफिसं थाटली. ब्रिटनचं यूकेआरओ १९८४ पासून आहे. जर्मनीतल्या विज्ञानसंस्थांनी मिळून १९९० मध्ये कोवी उभं केलं, त्याचंही ब्रुसेल्समध्ये ऑफिस आहे. स्वित्झर्लंडचं स्विसकोर आहे. असल्या ऑफिसांचा आपापसातला एक गटही आहे, इग्लो नावाचा. हे एस्किमोंचं घर नाही बरं का, संपर्क कार्यालयांचा अनौपचारिक गट आहे तो.

ही माणसं दिवसभर करतात काय? मसुदे वाचतात. आपल्या देशातल्या विद्यापीठांना आधीच सांगतात की बाबांनो, दोन वर्षांनी या विषयावर पैसा येतोय, तयारीला लागा. अधिकाऱ्यांना भेटतात, आपल्या शास्त्रज्ञांना तिथल्या समित्यांवर कसं घेता येईल ते बघतात. काही ग्लॅमर नाही त्यात. आपल्याकडे तालुक्याला रोज चक्कर मारणारा, कुठली फाईल कुठल्या टेबलावर आहे ते माहीत असलेला एखादा माणूस प्रत्येक गावात असतो ना, तेच काम.

आणि गंमत बघा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनचा सदस्यच नाही. ब्रिटन तर बाहेर पडला. दोघांनाही मधली काही वर्षं होरायझनच्या बाहेर काढावी लागली. पण बाहेर असतानाही दोघांनी ब्रुसेल्समधली ऑफिसं बंद केली नाहीत. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून परत आत आला, स्वित्झर्लंड २०२५ पासून. सभासदत्व गेलं तरी हजेरी सोडायची नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

नाममात्रच्या जरा पुढं : सर्न

आता भारत. जिनिव्हाजवळ सर्न आहे, कणभौतिकीची जगातली सगळ्यात मोठी प्रयोगशाळा. तिथं प्रत्येक सदस्य देशाचे परिषदेवर दोन प्रतिनिधी असतात, एक सरकारचा आणि एक शास्त्रज्ञांचा. पण देशाचं मत एकच. ही रचना मला फार आवडते. नुसता अधिकारी पाठवला तर त्याला विज्ञान कळत नाही, नुसता शास्त्रज्ञ पाठवला तर त्याच्या खिशात सरकारची सही नसते. दोघांनी जायचं आणि एक मत घेऊन जायचं.

मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ कित्येक दशकं सर्नच्या प्रयोगांत आहेत. करारांचा प्रवास मात्र बघा. १९९१ ला सहकार्य करार. २००२ ला निरीक्षक. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत सही झाली आणि १६ जानेवारी २०१७ पासून भारत सहयोगी सदस्य. म्हणजे पहिल्या करारापासून पंचवीस वर्षांच्या वर.

या काळात ऊस घालणं चालूच होतं. सर्नचा तो २७ किलोमीटरचा बोगदा आहे ना, त्यातली अवजड चुंबकं मिलिमीटरच्याही अंशात नेमकी बसवायला जॅक लागतात. असे सुमारे ७,००० जॅक भारतातून गेले. सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती आहे, ती २००४ मध्ये भारतानं भेट दिली. तिचे फोटो तुम्ही व्हॉट्सॅपवर नक्की बघितले असतील, सोबत नको नको त्या कहाण्याही. ते फॉरवर्ड करणाऱ्या काकांना जॅकबद्दलही सांगा एकदा.

सहयोगी सदस्य झाल्यावर काय मिळालं? भारतीय लोकांना सर्नमध्ये नोकरीसाठी अर्ज करता येतो, भारतीय कंपन्यांना तिथली टेंडरं भरता येतात, परिषदेत बसता येतं. पण मत नाही. म्हणजे नाममात्र सभासदापेक्षा बरंच जास्त, पण पूर्ण सभासद नाही. हे काही कुणी आपल्यावर केलेला अन्याय नाही. पूर्ण सदस्यत्वाची वर्गणी खूप मोठी असते, आपण सहयोगीची वर्गणी भरतो. जेवढा शेअर तेवढाच हक्क.

आता आपली मुख्य गोष्ट : खोडद

जीएमआरटी तुम्ही बघितली नसेल तर थोडक्यात सांगतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. चौदा मधोमध साधारण एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना, काही २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. एवढी मोठी डिश भरीव पत्र्याची केली असती तर खर्च परवडला नसता आणि वाऱ्यानंही दमवलं असतं. त्यांनी स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून डिश बनवली. तारेची जाळी म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला लगेच कळतं, वारा आरपार जातो. ज्या लांबीच्या रेडिओ लहरी ऐकायच्यात त्यांना मात्र ती जाळी भिंतीसारखीच असते. कमी पैशात जगातली एक अव्वल दुर्बीण उभी राहिली ती अशी.

ती चालवते एनसीआरए ही संस्था. पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. एनसीआरए ही टीआयएफआरचा भाग, आणि टीआयएफआर अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत. ही उतरंड लक्षात ठेवा, ठराव कुणाच्या नावावर होतो ते समजायला लागेल.

१९९० च्या सुमारास जगभरातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या डोक्यात एक वेडी कल्पना आली. एकूण एक चौरस किलोमीटर क्षेत्रफळाची दुर्बीण करायची. गोविंद स्वरूप हे मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक. तीच आजची एसकेए, स्क्वेअर किलोमीटर ॲरे. दक्षिण आफ्रिकेत १९७ डिश आणि ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ छोटे अँटेना, ख्रिसमस ट्रीसारखे दिसणारे. कोडिंगवाल्यांनो, हा आकडा ओळखीचा वाटला का? दोनचा सतरावा घात! आणि मुख्यालय इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ जॉड्रेल बँकला.

म्हणजे दुर्बीण दोन दुसऱ्याच खंडांत, पण टेबल युरोपात. म्हणूनच मी हे उदाहरण घेतलं.

२०११ मध्ये एसकेएसाठी ब्रिटनमध्ये एक ना-नफा कंपनी स्थापन झाली. भारत २०१२ मध्ये तिचा सहयोगी सदस्य झाला, २०१५ मध्ये पूर्ण सदस्य. इकडं देशातल्या संस्थांनी मिळून एसकेए इंडिया कन्सॉर्शियम केलं, एनसीआरए त्याच्या पुढं. हा झाला आपला ठराव. पंधरा-वीस संस्थांनी पंधरा-वीस सूर लावण्यापेक्षा सरकारच्या बाजूनं अणुऊर्जा विभाग आणि विज्ञानाच्या बाजूनं एनसीआरए, असं ठरलं.

ऊसही भरपूर घातला. एवढ्या अँटेनांना एका जागेवरून चालवायचं, कुणी कधी कुठं बघायचं, बिघाड झाला तर कळायचं कसं, हे सगळं बघणारं सॉफ्टवेअर म्हणजे टेलिस्कोप मॅनेजर. त्याच्या आराखड्याचं नेतृत्व करणारा आंतरराष्ट्रीय गट एनसीआरएच्या हाताखाली होता, आणि सोबत पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे इंजिनिअर होते. म्हणजे दुर्बिणीच्या मेंदूचा कच्चा नकाशा गणेशखिंड रस्त्याच्या आसपास काढला गेला.

ठराव झाला, ऊस घातला, बैठकांना हजेरीही होती. राहिलं काय?

शेअर भरायचा राहिला

१२ मार्च २०१९, रोम. कंपनी मोडून तिच्या जागी देशांची मिळून एक संघटना करायची, असा आंतरराष्ट्रीय करार झाला. सात देशांनी सह्या केल्या. ऑस्ट्रेलिया, चीन, इटली, नेदरलँड्स, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन. भारताची सही त्यात नव्हती.

करार १५ जानेवारी २०२१ ला अमलात आला. फेब्रुवारीत नव्या वेधशाळेच्या परिषदेची पहिली बैठक झाली. जून २०२१ मध्ये त्याच परिषदेनं बांधकामाला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून काम सुरू झालं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो निर्णय, आणि त्या टेबलावर सदस्य म्हणून भारत नव्हता. कल्पना मांडणाऱ्यांत आपला माणूस, मेंदूचा नकाशा काढणाऱ्यांत आपली माणसं, आणि मतदानाच्या यादीत आपलं नाव नाही.

असं का होतं? यात कुणी खलनायक नाही. कंपनीचं सदस्य होणं आणि देशादेशांमधल्या संघटनेचं सदस्य होणं यात फरक आहे. पहिल्याला विभागाची तयारी पुरते. दुसऱ्याला देशाची सही लागते. म्हणजे पैशाचा प्रस्ताव, छाननी, मंत्रिमंडळाची मंजुरी, मग करारात सामील होण्याची कागदपत्रं. मोठ्या रकमेला वेळ लागतो, आणि तो लागायलाही पाहिजे, कारण पैसा लोकांचा आहे. पण तिकडची बैठक आपल्यासाठी थांबत नाही.

या मधल्या वर्षांत एनसीआरएच्या लोकांनी काम सोडलं नाही. सहकार्याच्या करारावर कोड लिहिणं चालू ठेवलं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मत नसतानाही ते ऊस घालत राहिले, म्हणून जागा रिकामी राहिली, पण दुसऱ्या कुणाची झाली नाही.

२०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की सरकारनं एसकेएसाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत. त्याच वर्षी भारत वेधशाळेचा पूर्ण सदस्य झाला. आता परिषदेत आपली खुर्ची आहे.

पण दादा, १,२५० कोटी?

मला माहितीय, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात हेच आलं असणार. माझ्या घरीही हेच विचारलं. आमच्याकडे उजनीचं पाणी दारात आणि तरी उन्हाळ्यात नळाला थेंब नाही अशी गावं माहीत आहेत, आणि तू आम्हाला तारे दाखवतोस?

मी खोटं बोलणार नाही. एसकेएनं कुणाचा टँकर बंद होणार नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खिशातून काढू नये. पण एक नियम समजून घ्या. एसकेएमध्ये देश जेवढा वाटा उचलतो, त्याच्या प्रमाणात बांधकामाची कामं त्या देशातल्या संस्था आणि कंपन्यांना मिळावीत असं तत्त्व आहे. म्हणजे सगळा पैसा पेटीत भरून मँचेस्टरला जात नाही. इलेक्ट्रॉनिक्स बनवायला, सॉफ्टवेअर लिहायला, चाचण्या घ्यायला इथली माणसं लागतात. ती माणसं कुठून येणार, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो मी तुम्हाला विचारतोय.

खुर्चीवर बसतंय कोण?

बीटेक करताना चार वर्षांत मला एकदाही कुणी सांगितलं नाही की आपल्याच जिल्ह्यात असली दुर्बीण आहे आणि तिथं इंजिनिअर लागतात. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या आणि त्यांचं पॅकेज, एवढंच जग. मला हे कळलं नोकरी लागल्यावर, तेही रात्री मोबाईल चाळताना. टँगो नावाच्या एका सॉफ्टवेअरबद्दल वाचत होतो. मोठमोठी यंत्रं चालवण्यासाठी ते वापरतात, जन्म फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या एका प्रयोगशाळेत. वाचता वाचता कळलं की एसकेएचं नियंत्रण त्याच्यावर उभं आहे. त्याच्या मागं गेलो तर एसकेएचा कोड गिटलॅबवर सगळ्यांसाठी उघडा! पासवर्ड नाही, परवानगी नाही. मोबाईलवरून वाचता येतो. पायथॉन येत असेल तर बराचसा समजतोही.

मी तिथं काम करत नाही, गैरसमज नको. पण त्या रात्री मला कळलं की ब्रुसेल्सचं ऑफिस, जॉड्रेल बँकची परिषद, मंत्रिमंडळाची मंजुरी ही सगळी वरची मजल्यांची गोष्ट आहे. तळमजल्यावर कुणीतरी रोज कोड टाकतंय, चाचणी फेल झाली की दुरुस्त करतंय, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांसोबत कॉलवर बसून वाद घालतंय. देशाचं नाव तिथं रोज त्या माणसामुळे टिकतं.

अजून एक उदाहरण देतो. २९ जून २०२३ ला बातमी आली की विश्वात सतत एक प्रकारची गुरुत्वीय लहरींची गुणगुण चालू आहे, तिचा पुरावा मिळतोय. युरोपातल्या गटाकडे पाच मोठ्या दुर्बिणींचा जवळपास २५ वर्षांचा डेटा. आपल्या इनपीटीए गटाकडे, ज्यात जपानचे लोकही आहेत, खोडदचा साडेतीन वर्षांचा. तरी शोधनिबंधावर दोन्ही गटांची नावं बरोबरीनं आहेत. का? तर लांबच्या ताऱ्यांचे ठोके आपल्यापर्यंत येताना मधल्या वायूमुळे उशिरा पोचतात, आणि हा उशीर कमी वारंवारतेवर जास्त ठळक दिसतो. खोडदची ताकद नेमकी तिथंच आहे. त्यांच्याकडे वर्षं होती, आपल्याकडे ती दुरुस्ती करायचं साधन होतं. अशा ठिकाणी कुणी उपकार म्हणून नाव घालत नाही. दुसऱ्याकडे नसलेलं काहीतरी तुमच्याकडे लागतं.

मग तुम्ही काय करायचं?

भाषण नको, चार कामाच्या गोष्टी सांगतो.

शाळा-कॉलेजात असाल तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदला जा. त्या वेळी जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, शाळांचं विज्ञान प्रदर्शनही असतं. बारामती-इंदापूरकडून लांब पडतं, जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. पण चौघांनी मिळून गाडी केली तर एका दिवसात होतं. आणि आत गेल्यावर मोबाईल बंद ठेवायचा बरं का. तुमच्या मोबाईलचा आवाज त्या दुर्बिणीला ताऱ्यापेक्षा कितीतरी मोठा ऐकू येतो.

इंजिनिअरिंगला असाल तर एनसीआरएच्या साइटवर विद्यार्थी प्रशिक्षणाची माहिती वेळोवेळी येते, ती बघत राहा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेकॅनिकल, सगळ्यांचं काम असतं. डिश फिरवायला मोटर लागते, मोटरला गिअर लागतो.

बीएस्सी, एमएस्सी करत असाल तर एनसीआरए आणि आयुका मिळून कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राचं हिवाळी शिबिर घेतात. पीएचडीसाठी दोघांची मिळून आयनॅट नावाची प्रवेश परीक्षा आहे.

आणि थेट युरोपात शिकायचं असेल तर देशाचं सदस्यत्व नसलं तरी माणसाला दार उघडं असतं. इरास्मस मुंडुसच्या मास्टर्स शिष्यवृत्तीला भारतातून अर्ज करता येतो. मेरी क्युरी नावाच्या योजनेतल्या पीएचडीच्या जागांना राष्ट्रीयत्वाची अट नाही. पैसे देऊन एजंट गाठायच्या आधी ही दोन नावं मोबाईलवर शोधा. अर्ज करायला एजंट लागतच नाही.

मागच्या भागावर एकानं मेसेज केला होता, "दादा, आपल्या भागातल्या पोराला यातलं काय जमणार?" त्याला माझं उत्तर एवढंच. ठराव करणं दिल्लीचं काम. शेअर भरणं सरकारचं काम, आणि उशिरा का होईना तो भरलाय. ऊस मात्र शेतातूनच यायला लागतो, तो दिल्लीत पिकत नाही. आपण घातला नाही तर कारखाना बंद पडत नाही, तो दुसऱ्याच्या उसावर चालतो आणि आपण अक्रियाशील सभासदांच्या यादीत जातो.

खोडदच्या डिशच्या जाळीचे फोटो भागाच्या खाली टाकलेत, बघा. कुणी तिथं जाऊन आलं असेल तर कळवा, तुमचा अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवतो. एसकेएचा कोड उघडून बघितला आणि डोक्यावरून गेला तरी कळवा, माझ्याही गेला होता. एखादा रविवार ठरवून ऑनलाइन एकत्र बसू आणि एक फाईल ओळीओळीनं वाचू.

चला, ट्रकचे हॉर्न वाढलेत, भिगवणच्या बाजाराची वेळ झाली. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.